अक्षय आणि अखंड

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामायेचे जुने देऊळ आहे. वर्षातून दोनदा, चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवरात्रांत, तेथे भाविकांच्या नावाने ज्योतिकलश मांडले जातात. त्यांची संख्या हजारांच्या घरात जाते. मुख्य ज्योत काडेपेटीने न लावता चकमकीच्या ठिणगीवर पेटवावी, असा तेथला जुना रिवाज सांगितला जातो. एकदा लागलेली ज्योत नवरात्र संपेपर्यंत विझू द्यायची नाही, हा या व्रताचा मुख्य नियम. कलशावरच्या पणतीत तेल मावून मावून किती मावणार? काही प्रहरांपुरते. वातीवर काजळी धरते, ती जळत मागे सरते. म्हणून ज्योतींच्या दालनात सेवेकऱ्यांचा रात्रंदिवस राबता असतो. कोणी तेल घालतो, कोणी वात पुढे सारतो, कोणी काजळी झाडतो. शेवटच्या दिवशी जिला ‘अखंड’ म्हटले जाते त्या ज्योतीतले तेल पहिल्या दिवसाचे नसते, वातीचेही तसेच. खंड पडलेला नसतो तो राखणीत.

ऊर्जेच्या स्रोतांविषयीची आजची चर्चा ज्या दोन वर्गांभोवती फिरते त्यांच्याकडे या दालनातून पाहिले तर काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू हे एकदा जाळले की संपणारे. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, जैवभार हे पुन्हा भरून येणारे. शास्त्रीय वर्गीकरण म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु सार्वजनिक भाषेत या वर्गांना पापपुण्याचा रंग चढला आहे. एका बाजूला काळे, धुरकट, दोषी असे सारे. दुसऱ्या बाजूला स्वच्छ, हरित, निरपराध असे सारे. भरून येणारे आणि संपणारे यांच्यातील सीमारेषा आणि न्याय्य व अन्याय्य यांच्यातील सीमारेषा एकच आहे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि ती एक नसेल, तर पहिल्या सीमारेषेला नैतिक अर्थ तरी कोणता उरतो?

प्रथम शब्दांचा विचार करावा लागतो, कारण या विषयात शब्दांनी बराच गोंधळ माजवला आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतून अनेक वर्षे ‘पारंपरिक’ आणि ‘अपारंपरिक’ ऊर्जा अशी विभागणी शिकवली गेली. १९८२ मध्ये केंद्र सरकारने या नावाचा विभाग काढला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ पर्यंत ते ‘अपारंपरिक’ ऊर्जेचेच मंत्रालय राहिले. या विभागणीनुसार दगडी कोळशावर चालणारे जनित्र परंपरेत बसते. अंगणात उन्हात वाळत घातलेले धान, खळ्यावर वाऱ्यात उपणलेले धान्य, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की ही मात्र परंपरेबाहेरची ठरतात. ही परंपरा माणसांची नव्हे, कचेरीतल्या फायलींची होती. पुढे ‘नूतनीकरणक्षम’ हा शब्द रूढ झाला. तो अचूक आहे. पण त्यात परवान्याचा वास येतो, जणू सूर्यालाही दरवर्षी खिडकीपाशी रांगेत उभे राहून मुदतवाढ घ्यावी लागते. हिंदीने ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द स्वीकारला. तो सुंदर आहे, आणि म्हणूनच अधिक काळजीने पारखून घ्यायला हवा.

छत्तीसगडात हा शब्द फार जुना आहे. अक्षय्य तृतीयेला तेथे ‘अक्ती’ म्हणतात. त्या दिवशी मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात आणि शेतकरी आपल्या घरचे बियाण्याचे धान ठाकुरदेवापुढे नेतात. त्यातले थोडे प्रतीकरूपाने पेरले जाते आणि शेतीचे नवे वर्ष सुरू होते. बियाण्याचे धान आणि खाण्याचे धान यांत वस्तू म्हणून काही फरक नसतो. एकाच खळ्यावरचे, एकाच पावसाचे ते धान. कोणीतरी ते न खाण्याचे ठरवतो म्हणून ते बियाणे होते. या अर्थाने धानाचे अक्षयत्व दाण्यात नसून कणगीपाशी घेतलेल्या निर्णयात असते. दुष्काळाच्या वर्षी जे घर बियाणे शिजवते त्याच्यापुरते धान हे त्या दिवशी संपणारे धन बनते.

महाभारताच्या वनपर्वातील अक्षयपात्राची कथा या संदर्भात आठवावी अशी आहे. ते पात्र युधिष्ठिराला सूर्याने दिले, ही गोष्ट आजच्या वाचकाला योगायोगाची वाटेल. पण कथेतील मर्म पुढेच आहे. पात्रातील अन्न द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अक्षय असते. ती जेवली की त्या दिवसापुरते ते रिकामे. म्हणजे सूर्याची देणगीसुद्धा एका अटीवर अक्षय होती. सर्वांना वाढून झाल्यावर वाढणारीने शेवटी जेवायचे, ही ती अट. अक्षयत्व हे तेथे पात्राच्या धातूचे लक्षण म्हणून येत नाही, पंक्तीच्या शिस्तीतून येते. ‘अक्षय’ हा पदार्थाचा गुण म्हणून वापरला जाणारा शब्द आणि ‘अखंड’ हा राखणीचा गुण सांगणारा शब्द, यांतील अंतर ओळखल्याशिवाय ऊर्जेच्या नीतीची चर्चा पुढे सरकत नाही.

आता कोळशाकडे वळता येईल. छत्तीसगडच्या उत्तर भागात कोळशाचे थर ज्या खडकांत आहेत त्यांना भूशास्त्रात ‘गोंडवन’ म्हणतात. १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने गोंडांच्या देशावरून या खडकांना हे नाव दिले. पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी ते एका संपूर्ण प्राचीन भूखंडाला दिले. ज्या लोकांच्या नावाने पृथ्वीच्या इतिहासातील एक खंड ओळखला जातो, त्यांच्याच वंशजांना त्या खडकांसाठी गावे सोडावी लागावीत, हा इतिहासाचा उपरोध कोणाला रचून सांगता आला नसता. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत वाढलेल्या, ग्लॉसॉप्टेरिससारख्या आज नामशेष झालेल्या वनस्पतींनी जे ऊन पिऊन घेतले तेच या थरांत दडपून राहिले आहे. काटेकोरपणे बोलायचे तर कोळसा आणि सौरपट्टी या दोहोंचे मूळ एकच, सूर्य. फरक आहे तो काळाचा. एकात कालचे वा आजचे ऊन वापरले जाते, दुसऱ्यात कोट्यवधी वर्षांचे साचलेले.

कोरबा जिल्ह्यातील गेवरा या एका उघड्या खाणीला २०२४ मध्ये वर्षाला ७ कोटी टनांपर्यंत कोळसा काढण्याची मंजुरी मिळाली. औष्णिक केंद्राच्या भट्टीत या कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक राख उरते, कारण भारतीय कोळशात मातीचा अंश मोठा. उरलेला कार्बन वायुरूपाने वातावरणात जातो आणि त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके तेथे राहतो. कोळशाचा खर्च असा दोन दिशांनी होतो. मागचे साठवण संपते, आणि पुढच्यांच्या वाट्याची हवा आजच वापरली जाते. पहिल्या खर्चाची चिंता जुनी आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात ब्रिटनच्या कोळशाचा हिशेब मांडला. यंत्रे जितकी काटकसरी होतील तितका कोळशाचा एकूण खप वाढेल, हा त्यांचा सिद्धांत आजही उद्धृत केला जातो. त्यांच्या विवेचनाचा नैतिक भाग मात्र सहसा विसरला जातो. एकदाच मिळणारी ही संपत्ती वापरणाऱ्या पिढीने निदान राष्ट्रीय कर्ज फेडून पुढच्यांवरचा भार हलका करावा, असे ते सुचवतात. कोळसा संपण्याची त्यांची भीती खरी ठरली नाही. खाणीआधी हवा भरून जाईल, हे १८६५ मध्ये कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते.

ऋणाची ही भाषा भारतीय वाचकाला परकी नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मतो, अशी जुनी धारणा आहे. यांतील पितृऋणाची रचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. ते पितरांचे असते, पण पितरांना परत करता येत नाही. ते संतती वाढवून, म्हणजे पुढच्यांना देऊन फेडायचे असते. देणेकरी मागे आणि फेड पुढे, अशी ही विलक्षण खतावणी आहे. कोळसा हा असा वारसा आहे की ज्याला पितर नाहीत. तो कोणी माणसाने साठवला नाही, म्हणून त्याचे कृतज्ञतेचे ऋण कोणाला मानावे हे कळत नाही. आणि कृतज्ञता नसली की वारसा लूट होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राची कल्पना, ज्यात परत न करता उपभोगणाऱ्याला चोर म्हटले आहे, येथे लागू करायची तर चक्र पूर्ण करणारी क्रिया कोणती, असा प्रश्न उभा राहतो. जाळलेला कोळसा परत करता येत नाही. त्याच्या मोबदल्यात काय ठेवून जायचे, एवढेच माणसाच्या हाती असते.

गीतेच्या या अध्यायावर टिळकांनी ‘गीतारहस्या’त जे विवेचन केले ते हिंदीत नेणारे माधवराव सप्रे रायपूरचे. त्यांचा जन्म १८७१ चा, मृत्यू १९२६ चा, रायपुरातच. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात जी मराठी घराणी रुजली त्यांनी मराठी घरात आणि हिंदी बाहेर अशी दुहेरी वस्ती केली. सप्रे हे त्या वस्तीचे सर्वांत मोठे अपत्य. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साथीने त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. लाख्यांच्या नावाचे लाखेनगर आज पुरानी बस्तीला लागूनच आहे. त्या मासिकात १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी गोष्ट आली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. गोष्टीतील प्रसंग मात्र प्रस्तुत आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. वकिलांच्या मदतीने तो ती बळकावतो. काही दिवसांनी ती म्हातारी टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून तिच्या नातीने अन्न सोडलेले असते. आपल्या घरची भाकरी मिळाली तरच जेवेन, असा तिचा हट्ट असतो. म्हणून त्या जागेची टोपलीभर माती न्यायची, तिची चूल घालायची आणि भाकरी भाजायची, एवढेच म्हातारीचे मागणे. टोपली डोक्यावर द्यायला ती जमीनदारालाच विनवते. त्याला टोपली उचलत नाही. एवढी एक टोपली उचलवत नाही, मग या जमिनीत पडलेल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहशील, असे ती त्याला विचारते आणि त्याचे डोळे उघडतात.

ही गोष्ट सहसा जमिनीच्या मालकीची म्हणून वाचली जाते. पण ती माती चुलीसाठी हवी आहे, ही बारीक गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून सुटते. म्हातारीचा प्रश्न सरपणाचा आणि चुलीचा आहे. आजच्या भाषेत, ऊर्जेचा आहे. आणि सप्र्यांनी या प्रश्नाला दिलेले माप वजनाचे आहे. अन्याय किती झाला हे टोपली उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. उचलणारे हात आणि उपभोगणारे हात वेगळे असले की वजनाचा प्रत्यय नाहीसा होतो. विजेच्या बाबतीत नेमके हेच घडते. तारेतून येणाऱ्या विजेला वजन नसते.

छत्तीसगडच्या सरगुजा भागातील हसदेव अरण्यातून ऑक्टोबर २०२१ मध्ये आदिवासी ग्रामस्थ सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. आपल्या जंगलाखालच्या कोळशाच्या खाणी रद्द व्हाव्यात, ही त्यांची मागणी होती. तेथील चालू खाणीचा कोळसा राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीसाठी जातो. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगडच्या विधानसभेने हसदेवमधील खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे पुन्हा झाडे पडू लागली. ही हकिकत मराठी वाचक दुरून, हळहळत वाचतो. रायगढ जिल्ह्यातील तमनार तालुक्याची हकिकत त्याला तशी वाचता येणार नाही. तेथला गारे-पेलमा सेक्टर दोन हा कोळसापट्टा महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीला मिळालेला आहे. त्यातला कोळसा कोराडी, चंद्रपूर, परळी येथील केंद्रांसाठी नेमलेला. त्याची पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती नव्याने मिळाली आणि २०२५ च्या जूनमध्ये ग्रामस्थांच्या विरोधात झाडे तोडली गेली. म्हणजे ज्या दिव्याखाली एखादा मराठी विद्यार्थी सप्र्यांची गोष्ट वाचील, त्या दिव्यासाठीच ही टोपली भरली जात आहे.

याच भागातील गावे काही वर्षांपासून दोन ऑक्टोबरला ‘कोयला सत्याग्रह’ करतात. गांधींनी मीठ उचलले तसा आपल्या जमिनीतला कोळसा हाताने खणतात. हसदेवच्या आणि या गावांच्या मागण्यांत महत्त्वाचा भेद आहे आणि तो बहुधा पुसला जातो. हसदेवचे पदयात्री कोळसा जमिनीतच राहू द्या म्हणतात. गारेचे सत्याग्रही कोळसा कोणाचा, असे विचारतात. पहिला प्रश्न काळाचा आहे, दुसरा मालकीचा. संपणाऱ्या ऊर्जेविरुद्धचा सारा असंतोष एकाच पोत्यात भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

कारण मालकीचा प्रश्न कोळशाबरोबर संपत नाही. जगातील धरणविरोधी संघर्षांच्या इतिहासात पहिला मान ज्याला दिला जातो तो मुळशीचा सत्याग्रह भरून येणाऱ्या ऊर्जेच्या विरोधातच झाला होता. १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाला विरोध केला. निळा-मुळेच्या खोऱ्यातील भातखाचरे बुडणार होती आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार होती. पाऊस दरवर्षी येतो, धरण दरवर्षी भरते; या ऊर्जेला अक्षय म्हणायला कोणाचीच हरकत नसावी. पण बुडालेले खाचर दरवर्षी वर येत नाही. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून या लढ्याची दुसरी, अधिक कडू बाजू पुढे आली. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या; त्यांना मोबदला पुरेसा होता, कसणाऱ्या कुळांना नव्हता. सत्याग्रह हरला. मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिरा येथील वीजगृहात पडते, ते आजच्या रायगड जिल्ह्यात. महाराष्ट्रातील रायगड आणि छत्तीसगडातील रायगढ, एक पाण्याचा आणि एक कोळशाचा. नावाचा हा योगायोग पुरेसा बोलका आहे.

धुळे जिल्ह्यातील विखरण गावाची घटना अलीकडची. आधी औष्णिक म्हणून ठरलेल्या आणि नंतर सौर म्हणून पुढे आलेल्या वीजप्रकल्पात तेथली शेते गेली. त्यांतील ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने मोबदल्यातील अन्यायाविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये थेट मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. प्रकल्पाच्या फलकावरील इंधन बदलले. शेतकऱ्याच्या तक्रारीतील एक अक्षरही बदलण्याची गरज पडली नाही.

पुरानी बस्तीला यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. रायपूर हे तलावांचे शहर होते. बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली ही नावे अजून आहेत आणि पाणीही आहे; पण जेथे रजबंधा तालाब होता तेथे आज रजबंधा मैदान म्हणून ओळखला जाणारा भाग आहे आणि त्यावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तलाव हे पुन्हा भरून येणाऱ्या साधनाचे आदर्श उदाहरण. पावसाने कधी नकार दिला नाही. पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, गाळ काढणारे हात थांबले, जमिनीचा भाव वाढला आणि निसर्गतः अक्षय असलेली वस्तू एका पिढीत क्षय पावली.

येथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष खुणावू लागतो. दोन्ही ऊर्जा सारख्याच, अन्याय माणसाचा, इंधन निर्दोष. हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि चुकीचा आहे. मुळशीचा मावळा सत्याग्रह करू शकला, विखरणचा म्हातारा मंत्रालयात जाऊ शकला, हसदेवचे लोक चालत रायपूरला येऊ शकले. हे सारे हरले असतील. पण अन्याय करणारे आणि सोसणारे एकाच काळात होते आणि सोसणाऱ्याला तोंड होते. कोळशाच्या धुराचा जो भाग दोनशे वर्षांनी जन्मणाऱ्यांच्या वाट्याला जायचा आहे त्यांच्या वतीने पदयात्रा निघू शकत नाही. सूर्याच्या ऊर्जेची वाटणी अन्यायाने केली तर पुढची पिढी ती मोडून नव्याने करू शकते, कारण उद्याचे ऊन उद्या येणारच असते. कोळशाची वाटणी अन्यायाने केली तर पुन्हा वाटायला काही उरत नाही. दोन ऊर्जांमधील नैतिक भेद हा शुद्ध आणि अशुद्ध यांच्यातला नसून चूक दुरुस्त होण्याच्या शक्यतेतला आहे, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. अर्थात बुडालेले खोरे दुरुस्त होत नाही, आणि म्हणून मोठ्या धरणांची जागा या भेदात अवघडच राहते. सौरपट्टीचे सिलिकॉनही गारगोटीतून काढताना कोळशासारख्या कार्बनाचीच मदत घ्यावी लागते आणि पंचवीसएक वर्षांनी तिचा कचरा होतो. ही कबुली दिल्याने मूळ भेद पुसला जात नाही. त्याचा अहंकार तेवढा कमी होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो सप्र्यांच्या म्हातारीच्या बाजूनेच येतो. तिची चूल हे अक्षय ऊर्जेचे जगातील सर्वांत जुने आणि सर्वांत व्यापक रूप. लाकूड पुन्हा वाढते, गोवऱ्या रोज थापता येतात. पण त्या अक्षयतेचा भार बाईच्या डोक्यावर मोळीच्या रूपाने आणि छातीत धुराच्या रूपाने साठत गेला. तिच्या घरात आलेला गॅसचा सिलिंडर हा खनिज इंधनाचा, संपणाऱ्या वर्गातला. तरीही त्या एका घरापुरता तो न्यायाच्या बाजूचा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी तिला हवेचा हिशेब विचारावा, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसणार नाही. फक्त तिच्या नावाने जो कोळसा खणला जातो तो तिच्यापर्यंत पोचतो काय, हे तपासण्याचा अधिकारही तिचाच असायला हवा. रायपूरच्या सिलतरा-उरला परिसरातील स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तेव्हा गरिबाच्या हिताचा युक्तिवाद नेमका कोणासाठी केला जातो, असा संशय येणे साहजिक आहे.

जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेत बिगर-खनिज इंधनाच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. त्या बातमीचा गवगवा पुष्कळ झाला. २०२४-२५ या वर्षात देशाने पहिल्यांदा १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, ही बातमीही अभिमानानेच छापली गेली. दोन्ही खऱ्या आहेत, कारण क्षमता आणि निर्मिती या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. सूर्य मावळतो, आणि दिवे नेमके तेव्हाच लागतात. रायपूरपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावजवळ फेब्रुवारी २०२४ मध्ये १०० मेगावॉटच्या सौरकेंद्राचे उद्घाटन झाले. त्याला विजेचा साठा करणारी बॅटरी जोडलेली आहे. तिची ताकद ४० मेगावॉट, साठा १२० मेगावॉट-तासांचा. म्हणजे पूर्ण भरलेली असेल तर तीन तास. दुपारचे ऊन रात्रीसाठी राखून ठेवण्याची ही धडपड बियाण्याच्या कणगीच्या जातीची आहे, आणि कणगी अजून लहान आहे.

महामायेच्या देवळात नवरात्रातील ज्योतींच्या दालनात मध्यरात्रीनंतर सेवेकऱ्यांची पाळी बदलते. बसलेले उठतात, आलेले तेलाची भांडी हातात घेतात आणि ओळीतल्या पहिल्या पणतीपासून सुरुवात करतात. बाहेर आवारातल्या विजेच्या माळा लागलेल्या असतात. राजनांदगावची बॅटरी त्या प्रहरी बहुधा रिकामी झालेली असते, आणि माळांतली वीज बव्हंशी कोळशाची असते.